नट जन्मावा लागतो, कारकून भरती होतो

नट हा जन्मावा लागतो, असे म्हणतात. कवीही जन्मावा लागतो. गवयी तर जन्मावा लागतोच; त्याच्या बाबतीत त्याच्या आजोबांनीही आधी जन्मून ठेवावे लागते. कारकून जन्मावा लागतो असे मात्र कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कारकून भरती होतो. त्याचे पाय पाळण्यात दिसत नाहीत. दिसलेच तर ते पुढे टेबलाखाली दिसतात. गंमत बघा, ज्यांना जन्मावे लागते त्यांना पेन्शन नसते आणि ज्यांची नुसती भरती होते त्यांना महागाई भत्ता मिळतो. देवाच्या कारभारातही कुठेतरी युनियन असावी, असा मला फार दिवसांचा संशय आहे.

न्यूयॉर्क शहरातल्या काही मंडळींना मात्र १९४८ साली वाटले, की नटाचीही भरती करून पाहावी. फ्रँकलिन केलर नावाचे एक मुख्याध्यापक होते. त्यांची शाळा धंदेशिक्षणाची; आपल्याकडे आय.टी.आय.मध्ये फिटर, टर्नर, वायरमन शिकवतात, त्या जातकुळीतली. केलरसाहेबांचे म्हणणे असे, की नाटक, नाच आणि गाणे हेही धंदेच आहेत. लोक ते करून पोट भरतात. मग ते सुतारकामासारखे रीतसर का शिकवू नयेत? म्हणून त्यांनी सेहेचाळिसाव्या रस्त्यावर, ब्रॉडवेच्या नाट्यगृहांपासून हाकेच्या अंतरावर, या कलांचे हायस्कूल सुरू केले. त्याच्याही आधी, १९३६ साली, त्या शहराचे महापौर ला गार्डिया यांनी संगीत आणि चित्रकलेसाठी एक हायस्कूल काढले होते. महापौर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कमान, कोनशिला आणि कात्री येते. या गृहस्थाला शाळा सुचली. १९८४ साली या दोन्ही शाळा लिंकन सेंटरजवळच्या एका नव्या इमारतीत एकत्र नांदू लागल्या आणि इमारतीला महापौरांचे नाव लागले. शाळा सरकारी. फी नाही. प्रवेश ऑडिशनवर आणि थोडाफार गुणपत्रिकेवर. दिवसातले काही तास आवाज, शब्दोच्चार, हालचाल, संहिता वाचणे. उरलेले तास बीजगणित, इतिहास, विज्ञान. म्हणजे सकाळी हॅम्लेट आणि दुपारी एक्स बरोबर किती.

हे सगळे मला ठाऊक असायचे कारण माझी धाकटी बहीण. ती त्याच शहरात, क्वीन्स भागात राहते. तिची मुलगी आठवीत असताना तिच्या डोक्यात ही शाळा शिरली. एक-एक मिनिटाची दोन स्वगते पाठ करून ती घरभर फिरू लागली; एकात रडायची, एकात हसायची. कुठले चालू आहे हे न कळून आमचे मेहुणे दोन्हींना घाबरायचे. शेवटी बहिणीचा फोन आला.

"दादा, तू बँकेत आहेस ना? मग सांग, यात पुढे काही आहे का रे?"

आमच्या घराण्यात बँकेतल्या माणसाला सोन्याचा भाव, मुलीचे स्थळ आणि गुडघेदुखी या तिन्हींबद्दल मत विचारायची पद्धत आहे. त्यात आता चौथी भर पडली. मेहुणे मागून म्हणत होते, "हॉबी म्हणून करू दे की. कोण नको म्हणतंय?" हॉबी हा मध्यमवर्गाने लावलेला फार सोयीचा शोध आहे. मुलाला जे मनापासून आवडते त्याला लहानपणी हॉबी म्हणायचे, पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावायचे आणि दहावी आली की बंद करायचे. निवृत्तीनंतर ते पुन्हा सुरू करता येते, असेही वर सांगायचे. निवृत्तीनंतर पेटी शिकणाऱ्या माणसाच्या शेजारी मी आठ वर्षे राहिलो आहे. त्यापेक्षा त्याला वेळेवर शिकू द्यायला हवे होते, असे मी अनुभवाने सांगतो.

पण बहिणीचा प्रश्न खोटा नव्हता. चौदा वर्षांच्या पोरीला नाटकाच्या शाळेत घालावे का? त्या वयात तिला काय कळते? आणि ती नटी झाली नाही, तर ती चार वर्षे कुणाच्या नावे मांडायची?

मी कॉमर्सचा माणूस. कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेत पहिले नाव लिहिले अल पचिनो. 'गॉडफादर'मधला तो थंड डोळ्यांचा धाकटा मुलगा. हा त्याच शाळेचा विद्यार्थी. लिहिले आणि हात थांबला, कारण या पठ्ठ्याने शाळा मध्येच सोडली! अभ्यास काही जमेना. पुढे निरोप्याची नोकरी, नाट्यगृहात लोकांना खुर्च्या दाखवायची नोकरी, झाडलोटीची नोकरी अशा नोकऱ्या करत हर्बर्ट बर्गहॉफ यांच्या स्टुडिओत तो नव्याने शिकला आणि १९६६ साली ली स्ट्रासबर्ग यांच्या ॲक्टर्स स्टुडिओत दाखल झाला. आता हा गृहस्थ जमा की नावे? शाळेने घडवला म्हणावे तर शाळा सोडली, आणि शाळेचा संबंध नाही म्हणावे तर आठवी-नववीतल्या पोराला ही गोष्ट शिकण्याजोगी आहे हे पहिल्यांदा तिथेच कळले असणार. उलट तिमोथी शालामे हा हल्लीचा नट त्याच शाळेतून २०१३ साली रीतसर पास होऊन बाहेर पडला. एक पास, एक अर्धवट, दोघेही पडद्यावर. आमच्या बँकेत असा हिशेब आला असता तर ऑडिटरने लाल शाईत 'खुलासा करावा' असे लिहून ठेवले असते.

आणि या दोघांच्या मागे वर्षानुवर्षे पास होणारी ती बाकीची पोरे? त्यांची नावे कुठल्याच यादीत नसतात. ती कुठे दुकानात असतील, दवाखान्यात असतील, शाळेत शिकवत असतील. एखादा बँकेतही असेल बिचारा.

तेवढ्यात माझ्या मनात आपली रंगभूमी आली आणि कागद आणखीच बिघडला. मराठी नट कुठून आले हे पाहायला गेलो, तर निम्मे दवाखान्यातून आलेले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली ते काम सोडून पूर्ण वेळ नाटकात उतरले आणि १९७० साली 'नटसम्राट' उभे केले. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. दिग्दर्शक पाहावा तर जब्बार पटेल, तेही डॉक्टर. उरलेले बँकेत. रत्नाकर मतकरी बँकेत नोकरी करत करत मुलांसाठी नाटके लिहीत आणि बसवीत. १९७८ साली त्यांनी नोकरी सोडली. अमोल पालेकर जे. जे.त चित्रकला शिकले आणि त्यांनीही काही काळ बँकेत काढला. हे वाचून पूर्वी मला फार धीर यायचा. मग लक्षात आले, की बँकेतून नट झालेले हे दोघे, आणि बँकेतून बँकेतच राहिलेले आम्ही काही लाख.

म्हणजे नट व्हायचे तर आधी मेडिकलला घालावे, असा सिद्धांत निघतो. मेहुण्यांना तो फार आवडला असता. पण तो खरा नाही. लागू, आगाशे आणि जब्बार पटेल हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे. तिथे त्यांना नाडी बघायला शिकवली ती प्राध्यापकांनी, आणि नाटक शिकवले ते गॅदरिंगने. सरकारच्या राज्य नाट्यस्पर्धा १९५४ सालापासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. या स्पर्धांसाठी रात्र रात्र तालमी करणाऱ्या पोरांना दुसरे काय मिळत होते? कलाशाळाच ती, फक्त पाटी दुसऱ्या विषयाची. मुंबईत दादरची छबिलदास ही तर साधी शाळा. सुलभा देशपांडे तिथे शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटके झाली, त्यांच्यामुळे 'छबिलदास' हे शाळेचे नाव एका चळवळीचे नाव झाले. काय होते तिथे? एक रिकामा हॉल, आणि 'करून बघा' म्हणणारे कुणीतरी. म्हणजे आपल्याकडेही नट नुसता जन्मला नाही. त्यालाही कुठेतरी शिकवले, फक्त चोरून शिकवले. अमेरिकेत ते वेळापत्रकात घातले, एवढाच फरक.

आणि त्याच्याही आधी आपल्याकडे खरोखरीची नाटकाची हायस्कुले होती. त्यांना नाटक कंपन्या म्हणत. केशवराव भोसले चौथ्या-पाचव्या वर्षापासून कंपनीत. वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आत, १९०८ साली, त्यांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर कंपनीत आले तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. पहाटे रियाज, दुपारी तालीम, रात्री खेळ, पंगतीत जेवण. शिक्षण असे, की त्यातून निघालेला आवाज लोकांच्या कानात शंभर वर्षे टिकला. त्या शाळेत एकच विषय नव्हता. बीजगणित.

हे मी थट्टेने म्हणत नाही. गंधर्व कंपनीच्या वैभवाच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्या. ते गालिचे, ती अत्तरे, ते शालू. आणि त्याच गोष्टीच्या शेवटी कर्जाचा आकडा यायचा, तेव्हा आजोबांचा आवाज खाली जायचा. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठीत आला, आणि कंपन्या एकेक करून बसल्या. खुद्द बालगंधर्वांना १९३५ साली 'धर्मात्मा' या बोलपटात उतरावे लागले. ते बालगंधर्व होते, लोकांनी त्यांना डोक्यावरच ठेवले. पण कंपनीतल्या त्या सातव्या-आठव्या नंबरच्या नटाचे काय? दहाव्या वर्षी घरातून आणलेला, सखीच्या भूमिका करता करता चाळिशी गाठलेला, अक्षरओळख नाटकाच्या वहीपुरती. त्याला 'तुम्ही आता दुसरे काही करा' असे सांगितले, तर दुसरे म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हते. त्याच्या शाळेला आत यायचा दरवाजा होता, बाहेर जायचा नव्हता.

इथे मला माझ्या बहिणीच्या प्रश्नाची नाडी सापडली. लहान मुलाला कलेत घालणे पाप नाही. त्याच्या हातून दुसऱ्या सगळ्या किल्ल्या काढून घेणे, हे पाप. त्या न्यूयॉर्कच्या शाळेत दुपारचा तो 'एक्स बरोबर किती' म्हणजे बाहेर जायचा दरवाजा. त्यातून कुणी जावे अशी सक्ती नाही. पण दरवाजा आहे हे माहीत असले, की माणूस आत निर्धास्त नाचतो.

आता दरवाजा किती रुंद असावा, यावर तिथेही भांडण आहेच. २०१९ साली त्या शाळेच्या शेकडो विद्यार्थ्यांनी शाळेतच बैठा सत्याग्रह केला. तक्रार अशी, की अभ्यासाचे आणि मार्कांचे प्रस्थ फार वाढले आहे, त्यात आमची कला चिरडली जाते. पोरांनी सत्याग्रह केला तो सुट्टीसाठी नाही, परीक्षा पुढे ढकला म्हणून नाही, तर आम्हाला अधिक शिकवा म्हणून. हे वाचून मी वर्तमानपत्राची तारीख पुन्हा पाहिली. एक एप्रिल नव्हती.

मेहुणे मात्र ऐकेनात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला सरळच विचारले, "तुम्ही सांगा, शंभर पोरं तिथून बाहेर पडली तर त्यातली नट किती होतात?"

मी म्हटले, "माझ्याबरोबर शंभर पोरं बी.कॉम. झाली. त्यातले व्यापारी किती झाले?"

मेहुणे गप्प झाले. मला वाटले नेट गेले.

पण खरेच, हा प्रश्न कॉमर्स कॉलेजला कुणी कधी विचारला आहे? 'वाणिज्य' म्हणजे व्यापार. तीन वर्षे आम्हाला व्यापार शिकवला. जमाखर्च, कंपनी कायदा, लेखापरीक्षण. आमच्या वर्गातल्या एकानेही साधे किराणा दुकान काढले नाही. एकाने काढले, पण तो आधीपासूनच दुकानदाराचा मुलगा होता आणि तीन वर्षे तो वर्गात फारसा दिसलाच नाही. म्हणून काय आमच्या आईवडिलांनी प्राचार्यांना जाऊन जाब विचारला? इतिहास शिकलेल्याने इतिहास घडवला का? भूगोल शिकलेला निदान खंडाळ्याच्या पुढे गेला का? कुणी विचारत नाही. कलेच्या शाळेलाच हा प्रश्न विचारतात. मी पुष्कळ विचार केला तेव्हा कारण दिसले. बाकीचे शिक्षण घेताना मूल कंटाळलेले असते, म्हणजे काहीतरी उपयोगाचे चालले असणार असा आपला भरवसा असतो. कलेच्या शाळेत ते आनंदात दिसते, आणि आनंद दिसला की आपल्याला व्हाउचर लागते. कडू औषधाची पावती आपण मागत नाही, श्रीखंडाची मागतो.

अर्थात शाळेची बाजूही सगळीच धुतलेली नाही. कॉमर्स कॉलेजने आम्हाला स्वप्न दाखवले नव्हते. ते फसवू शकले नाही. नाटकाची शाळा स्वप्न दाखवते. १९८० साली याच शाळेवर 'फेम' नावाचा सिनेमा निघाला. शिक्षणखात्याने शाळेत चित्रीकरण करू दिले नाही, पण जगाला शाळा त्या सिनेमामुळेच कळली. त्यात पोरे रस्त्यावर मोटारींच्या टपांवर चढून नाचतात. ते पाहून किती पोरांना वाटले असेल, की आत गेलो की झाले! पण आत जायलाच मिळत नाही. तेराव्या वर्षी, अनोळखी मोठ्या माणसांना आपल्याजवळ जे सगळ्यात आवडते आहे ते दोन मिनिटांत दाखवायचे, आणि मग घरी पत्र येणार की नको. बँकेच्या परीक्षेत नापास झालो तर गणित कच्चे म्हणता येते. इथे काय कच्चे म्हणायचे? मीच कच्चा? हा घाव तेराव्या वर्षी द्यावा का, याचे उत्तर माझ्या कागदावर कुठल्याच बाजूला बसेना. एवढेच वाटते, की ज्या शाळेला मुलाला 'ये' म्हणायचा अधिकार आहे, तिने 'नको' म्हणताना 'तू नको' असे म्हणू नये.

आमच्या भाचीला नाटकाच्या विभागाने नको म्हटले. तीन दिवस घरात कुठलेच स्वगत झाले नाही. मेहुण्यांनीच ते सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. जिला घाबरायचे ती बडबड थांबल्यावर त्यांना घर ओळखू येईना. पण तिने दुसऱ्याही एका विभागात अर्ज केला होता. पडद्यामागच्या कामाचा. नेपथ्य, दिवे, ध्वनी. तिथे तिला घेतले.

वर्षाअखेरीला प्रयोग झाला. बहिणीचा फोन आला. "दादा, दोन तास बसलो, पण आमची मुलगी काही दिसलीच नाही रे. दिवे करत होती."

"मग बाकीचे दिसले ना?"

"हो. ते छान दिसले."

"मग झालं तर."

मागून मेहुणे मोठ्याने म्हणाले, "एकदा सुद्धा दिवा चुकला नाही! मी मोजत होतो." हे तेच गृहस्थ. हॉबी हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्यानंतर ऐकलेला नाही.

पुढे ती काय होईल, मला माहीत नाही. कदाचित ब्रॉडवेवर दिवे करील, कदाचित बापासारखी संगणकात जाईल. पण दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबायचे, आपली वेळ आली की अंधारातही हात बरोबर बटणावर पडायचा, आणि टाळ्या दुसऱ्याला पडत असताना आपण खुशीत असायचे, एवढे तिला पंधराव्या वर्षी येते. आमच्या बँकेत हे निवृत्तीपर्यंत येत नाही. दुसऱ्याचे वाक्य तर सोडाच, काउंटरवर दुसऱ्याचा नंबर संपेपर्यंतसुद्धा माणसे थांबत नाहीत.

बहिणीला मी उत्तर दिले ते शेवटी कॉमर्समधलेच. ताळेबंदात 'गुडविल' नावाची एक गोष्ट असते. मराठी पुस्तकात तिला नावलौकिक म्हणतात. ती दिसत नाही, मोजता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही. आमच्या शास्त्राचा नियम असा, की दुसऱ्याचा धंदा विकत घेताना नावलौकिकाचे पैसे मोजले असतील, तर तो वहीत दाखवावा. पण जो तुम्ही स्वतः, वर्षानुवर्षे काम करून कमावला, तो मात्र वहीत दाखवायचा नाही. त्याला किंमत नाही म्हणून नव्हे. त्याची किंमत खात्रीने ठरवता येत नाही म्हणून. हा नियम मी परीक्षेत पाठ करून लिहिला होता आणि त्याला मला पाचपैकी चार मार्क मिळाले होते. पाचवा कशासाठी कापला, ते मला आता कळते आहे. उदाहरण द्यायचे राहिले होते.